पटावरील औदार्य

नियमाला अपवाद करून एकाद्यावर उपकार करणें हें सामान्यतः मोठ्या मनाचें लक्षण मानलें जातें. नियमावर अडून बसणारा मनुष्य आपणांस कोता वाटतो; "असूं द्या, चालायचेंच" असें म्हणणारा उदार वाटतो. हा समज कितपत खरा आहे, याचा विचार करण्याची पाळी माझ्यावर बुद्धिबळाच्या पटापाशीं आली.

आमच्या गांवीं वाचनालयाच्या माडीवर एक लहानसें बुद्धिबळ मंडळ आहे. सांगलीस १९४१ सालीं निघालेल्या नूतन बुद्धिबळ मंडळासारखी कीर्ति कांहीं त्याच्या वांट्यास आलेली नाहीं. रोज सायंकाळीं पांचसात पट मांडावे, चहा प्यावा, हरलेल्या डावांची चिकित्सा करावी आणि पावसाळ्यांत एक स्पर्धा भरवावी, एवढाच त्याचा व्याप. २०१२ सालच्या स्पर्धेंत आम्ही आठ जण होतों. प्रत्येकाचा प्रत्येकाशीं एक डाव. विजयास एक गुण, बरोबरीस अर्धा. पहिला येईल त्यास मंडळातर्फे जिल्ह्याच्या स्पर्धेस पाठवावयाचें ठरलें होतें.

शेवटच्या फेरींत माझी गांठ माझ्या शाळेंतल्या गुरुजींशीं पडली. माझा क्रमांक आधींच हुकला होता. गुरुजींचे सहा डावांत पांच गुण झाले होते. आमच्या शिंप्याच्या शाळकरी मुलाचे साडेचार होते, आणि शेजारच्या पटावर तो जिंकत आला होता. डाव रंगांत आला असतां गुरुजींनीं वजीर उचलला. तो हालतांच दुसऱ्या खेळीस मात होती. तें ध्यानांत येऊन त्यांनीं तो पुन्हां जागेवर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलें. पंच पलीकडच्या टोकास होते. "असूं द्या, गुरुजी, उंटच खेळा," मी म्हणालों. डाव सांवरला, पुढें माझ्याच हातून चूक झाली, आणि गुरुजी सहा गुणांनीं पहिले आले. मुलाचे साडेपांच झाले. घरीं जातांना मला स्वतःविषयीं फार बरें वाटत होतें.

दुसऱ्या दिवशीं तो मुलगा माझ्यापाशीं आला. "काका, तिसऱ्या फेरींत माझा हात घोड्याला लागला, तेव्हां तुम्ही म्हणालां, हात लावला तो खेळलाच पाहिजे. मग गुरुजींना तो नियम नाहीं का?" त्याच्या स्वरांत तक्रार नव्हती, त्यास खरोखरच जाणून घ्यावयाचें होतें. तो घोडा हलवावा लागल्यामुळेंच तो माझ्याशीं हरला होता.

नियम तर स्पष्ट आहे. खेळण्याच्या हेतूनें आपल्या ज्या मोहऱ्यास हात लावला, तें हलण्यासारखें असेल तर हलविलेंच पाहिजे. तें नुसतें घरांत नीट बसवावयाचें असेल, तर तसें आधीं बोलून दाखवावें लागतें. खेळणाराच्या वयाची किंवा योग्यतेची चौकशी नियम करीत नाहीं. ती मीं केली.

कोणी म्हणेल, वडीलधाऱ्यांचा मान राखणें हा आपला संस्कार आहे. त्यांत वावगें तें काय? मान अवश्य राखावा. गुरुजी आले तर उठून उभें राहावें, खुर्ची द्यावी, वांकून नमस्कार करावा. कारण हें सारें देणें आपल्या पदरचें असतें. स्पर्धेंतला गुण तसा नसतो. एका पटावरच्या निकालानें बाकीच्या सहा जणांचे क्रमांक वरखालीं होतात. मीं दान केलें खरें, पण तें त्या मुलाच्या गांठीचें. माझें स्वतःचें कांहींच जात नव्हतें, म्हणूनच तें इतकें सोपें गेलें.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. दयेवांचून न्याय म्हणजे क्रौर्यच नव्हे काय? असेलहि. परंतु मग त्या दयेवर पहिला हक्क कोणाचा? भांबावून घोड्यास हात लावणाऱ्या पोराचा, कीं चाळीस वर्षें खेळलेल्या जाणत्याचा? माझी कठोरता दुबळ्याच्या वांट्यास आली आणि माझी दया मान्यवराच्या. जिला मी दया म्हणून गोंजारीत होतों, ती मोठ्या माणसापुढें नियम उच्चारण्याची भीड होती.

ही भीड आमच्या माडीपुरतीच आहे असें नाहीं. १९९४ सालीं स्पेनमधील लिनारेस येथें गॅरी कास्पारोव्ह या त्या काळच्या अग्रगण्य खेळाडूसमोर हंगेरीची सतरा वर्षांची ज्युडिट पोल्गार बसली होती. कास्पारोव्हनें एक घोडा एका घरावर ठेवून क्षणमात्र सोडला, आणि लगेच तो दुसऱ्या घरावर नेला. सोडलेलें मोहरें असें फिरवितां येत नाहीं. पोल्गारनें त्या वेळीं हरकत घेतली नाहीं, व डाव कास्पारोव्हनें जिंकला. पुढें चित्रफितींत बोटें सुटल्याचें दिसलें. तीं सुटल्याचें आपल्या ध्यानांतच आलें नव्हतें, असें कास्पारोव्हचें म्हणणें पडलें. तिच्या मौनाचा अर्थ लावण्याचा मला अधिकार नाहीं. पण समोरचा मनुष्य जितका मोठा, तितकें नियम मागण्यास अधिक धैर्य लागतें, एवढें मात्र मी अनुभवानें सांगूं शकतों. तें धैर्य लहानांकडून अपेक्षिण्यापेक्षां तें दाखविण्याची वेळच त्यांच्यावर येऊं न देणें, हें मोठ्यांचें काम आहे.

शेवटीं एके दिवशीं मीं हें सर्व गुरुजींपाशीं बोलून दाखविलें. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तूं सोडलेंस हें खरें, पण हात माझा होता. मींच वजीर खेळायला हवा होता." पंचाच्याहि आधीं नियम राखावयाचा तो ज्याचा हात त्यानें, हा धडा मला इतक्या उशिरां, पण त्यांच्याकडूनच मिळाला.

तोंवर जिल्ह्याची स्पर्धा होऊन गेली होती. करमणुकीच्या डावांत मी आतां लहानथोर कोणासहि खेळी मागें घेऊं देतों. स्पर्धेंत कोणासहि नाहीं. माडीवरच्या फळ्यावर २०१२ सालापुढें गुरुजींचें नांव आहे. तें दृष्टीस पडलें म्हणजे मला त्या दिवशींची माझी खेळी आठवते, आणि ती मागें घेण्याची सोय नाहीं.