ओली सहाण

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षी मी मागच्या पडवीत दगड घासून त्यांना झिलई देणारे एक लहानसे यंत्र बसवले. त्यामागे व्यवसायाचा हेतू नव्हता. वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यातील आमच्या शेताच्या धुऱ्यावर वडिलांनी आणि त्यांच्या आधीच्यांनी वेचून टाकलेल्या गोट्यांची एक जुनी रास आहे. वखराच्या पासेला अडणारा प्रत्येक दगड तिथे जाऊन पडला. त्यांत काळ्या बसाल्टाबरोबर गारगोट्या आहेत, आणि बाहेरून मळकट बटाट्यासारखे दिसणारे अकीकही आहेत. असा एक गोटा फुटला आणि आत राखाडी, दुधी, किंचित निळसर रेषांची वलये दिसली, तेव्हा मी दहा-बारा वर्षांचा होतो. ते कुतूहल पूर्ण करण्याची सवड साठीनंतर मिळाली.

या वलयांचा इतिहास पाण्याचा आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरले. ते थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने विरघळलेली सिलिका त्या पोकळ्यांत आणून ठेवली, थरावर थर. अकीक बाहेरून आत भरत जातो आणि पुष्कळदा मध्यभागी रिकामाच राहतो. वाशीमचे शेतकरी ज्याला नांगराचा वैरी समजतात, ते वस्तुतः पाण्याने अत्यंत सावकाश केलेले काम आहे.

यंत्राची रचना अवघड नाही. मिनिटाला 1440 फेरे घेणारी मोटर, तिच्याशी पट्ट्याने जोडलेला दांडा, आणि दांड्यावर सहा इंची चाके, खरखरीतापासून मऊपर्यंत क्रमाने लावलेली. पहिल्या चाकाचा दाणा 80 क्रमांकाचा, मग 220, 600, 1200, आणि शेवटी चामड्यावर सिरियम ऑक्साइडचा लेप. दगडाची चकती कापून तिच्यावर लंबगोल आखायचा, ती लाखेने काडीच्या टोकाला चिकटवायची, आणि कडेपासून माथ्याकडे फिरवत घुमट उतरवायचा. जोहरी याला कॅबोशॉन म्हणतात. पैलू पाडण्याची कला त्या मानाने अलीकडची. प्राचीन रत्ने बहुधा अशीच गुळगुळीत, गोलाईची असत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक प्रवासग्रंथ पैठणहून भडोचकडे गाड्यांनी जाणाऱ्या अशाच पट्टेदार दगडांची नोंद करतो. त्या गाड्यांतील काही दगड आमच्या बाजूचे असतील, असे मनाशी म्हणायला मला आवडते. पुरावा मागू नये.

मांडणीत माझा सर्वाधिक वेळ पाण्याने घेतला. प्रत्येक चाकावर थेंब-थेंब पाणी पडत राहिले पाहिजे, ते खाली साचून गाळासह भांड्यात गेले पाहिजे, आणि पाणी व वीज शेजारी असल्यामुळे अर्थिंग निर्दोष हवे. पाणी नसेल तर घर्षणाने दगड तापतो, लाख सुटते, चकती तडकते. पुस्तकांतून हे कळले होते. दुसरे कारण मला उन्हाळ्यात कळले.

आमचा जिल्हा जलविभाजकावर बसला आहे. काटेपूर्णा येथे उगम पावते आणि उत्तरेस पूर्णेला, पुढे तापीला मिळते. पूस, अरुणावती, अडाण यांचे पाणी पैनगंगेच्या वाटेने गोदावरीकडे जाते. उगमांचा मान आमचा, पाणी मात्र दोन्ही उतारांनी निघून जाते. मे महिन्यातील एका दिवशी टाकी रिकामी होती आणि काडीवरचा दगड अर्धा झाला होता. दोनच मिनिटे, असे म्हणून मी कोरडेच चाक चालवले. संध्याकाळी पत्नीने खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवून दाखवले. बोटावर पिठासारखी पांढुरकी भुकटी होती. तुळशीच्या पानांवरही होती.

दिसणारी भुकटी त्यातल्या त्यात निरुपद्रवी. जे कण डोळ्यांना दिसत नाहीत, काही मायक्रॉनचे, ते फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात आणि तिथे व्रण धरू लागतो. हाच सिलिकोसिस, आणि तो असाध्य विकार आहे. गुजरातमधील खंभातमध्ये अकीक घासणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या घराच्या ओसरीतच हे काम करत आली. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने त्यांचा अभ्यास केला, तेव्हा शेजारी राहणाऱ्या, चाकाला कधी हात न लावलेल्या माणसांतही हा विकार आढळला. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या अनुसूचीत सिलिकोसिसचे नाव होते. परंतु ओसरी म्हणजे कारखाना नव्हे, आणि कायद्याची नजर उंबरठ्यावर थांबते.

तोवर मी या कामाकडे केवळ साधना म्हणून पाहत होतो. 80 च्या चाकाचा ओरखडा 220 वर पुरता पुसला नाही, तर तो शेवटच्या झिलईत उघडा पडतो, आणि मग पुन्हा मागे जावे लागते. यातून संयमाचे पाठ घेणे निवृत्त माणसाला सोपे असते. त्या मे महिन्यानंतर हा विचार मला काहीसा सुखवस्तू वाटू लागला. मला पाणी नसेल तर मी बटण बंद करू शकतो. ज्याला संध्याकाळपर्यंत ठरावीक नग देऊन रोजचे पैसे घ्यायचे आहेत, त्याच्या हाताशी ते बटण असूनही नसते. आपण ज्याला छंद म्हणतो आणि तो ज्याला पोट म्हणतो, त्यांत दगड तोच, चाक तेच. अंतर थांबण्याच्या अधिकाराचे आहे. झिलईचे मोल डोळ्यांनी ठरते, आणि डोळ्यांना धूळ दिसत नाही. म्हणून तिची किंमत मण्याच्या किमतीत कधी धरली गेली नाही. ती कोणाच्या तरी श्वासातून वसूल झाली.

आता यंत्राजवळ वीस लिटरची वेगळी टाकी आहे. घासताना मी मुखपट्टी लावतो, कारण ओल्या चाकाचे तुषारही निर्दोष नसतात. भांड्यातला गाळ वाळू देत नाही. वाळला की तो पुन्हा धूळच होतो. तो ओला असतानाच डब्यात भरून झाकण लावतो. त्या डब्यांचे अखेर काय करायचे, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. पडवीच्या कोपऱ्यात तीन डबे आहेत.

मागच्या आठवड्यात गल्लीतला एक मुलगा अकीकाचा तुकडा घेऊन आला. “काका, आईच्या अंगठीसाठी करून देता का? आत्ताच पाहिजे.” नळ येऊन पाच दिवस झाले होते. मी त्याला टाकीचे झाकण उघडून तळ दाखवला. त्याने आत वाकून पाहिले, तुकडा चाकाशेजारी ठेवला आणि म्हणाला, “बरं, मग पाणी आल्यावर येतो.”