नाताळचें झाड व स्मरणाच्या वस्तु

नाताळ जवळ आला म्हणजे ठाणें, डोंबिवली व कल्याण येथील पुष्कळ ख्रिस्ती घरांत माळ्यावरून एक जुनी पत्र्याची पेटी खालीं उतरविली जाते. बाजारांत किंमत येईल असें तिच्यांत फारसें कांहीं नसतें. कांठ उडालेला एखादा कांचेचा गोळा, मुलानें शब्बाथ शाळेंत पुठ्ठा कापून केलेला तारा, आजीच्या काकणांचे तुकडे दोऱ्यांत ओवून केलेली माळ, रेल्वेंत हमाली केलेल्या आजोबांचा पितळी बिल्ला. आणि एखाद्या घरीं, जें बाळ आतां या जगांत नाहीं त्याचें लोंकरीचें टोपडें. दोऱ्याच्या गांठी सोडवीत, "हें कोणाचें?" असें एकमेकांस विचारीत, घरचीं माणसें या वस्तु एकेक करून झाडाला टांगतात. या कामांत गडबड नसते, खर्च नसतो; परंतु त्यांत जो शांत आनंद आहे तो ज्यानें अनुभविला त्यास ठाऊक आहे.

या आनंदाविषयीं आमच्या मंडळ्यांतून एक प्रश्न निघतो, व तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. खेड्यांत आयुष्यभर सेवा केलेले एक वृद्ध उपदेशक नाताळासाठीं डोंबिवलीस मुलाच्या घरीं आले होते. झाडावर त्यांनीं तें टोपडें पाहिलें. तें त्यांच्याच नातवाचें होतें. ते मला एकीकडे नेऊन म्हणाले, "पाळकसाहेब, माझ्या वडिलांनीं बाप्तिस्मा घेतला त्या दिवशीं देव्हाऱ्यांतले टाक घराबाहेर काढले. आतां मेलेल्यांचे टाक आम्हीं झाडावर चढवावे काय?"

ज्यांच्या घरीं टाक होते त्यांस हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाहीं. टाक म्हणजे धातूच्या पत्र्यावर ठोकून उठविलेली कुळदेवतेची किंवा घरांतील मृत पूर्वजाची आकृति. आमच्या वाडवडिलांनीं ते टाक सोडले तेव्हां नातलग तुटले, गांवानें बोल लावला. इतकी किंमत देऊन जें सोडलें तें दुसऱ्या दारानें घरांत येत असेल तर सावध राहणें हें कर्तव्यच आहे.

झाड परदेशी आहे, हा आक्षेप त्या मानानें लहान आहे. तें परदेशी आहे हें खरेंच. १६०५ सालच्या एका टिपणावरून दिसतें कीं, स्ट्रासबुर्ग शहरांतील लोक घरांत झाड उभें करून त्यावर कागदी गुलाब व सफरचंदें टांगीत असत. १८४८ सालीं राणी व्हिक्टोरिया हिच्या कुटुंबाचें झाडाभोंवतीं उभें असलेलें चित्र लंडनच्या एका साप्ताहिकांत आलें, व तेव्हांपासून ही चाल इंग्रजांत फार पसरली. उलटपक्षीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ पाळणारास पांच शिलिंग दंड होता; आणि त्याच न्यू इंग्लंड भागांतील मंडळ्यांनीं पाठविलेले मिशनरी १८१३ सालीं मुंबईस उतरले व पुढें त्यांचें काम अहमदनगराकडे वाढलें. तेव्हां झाड हें आमच्या विश्वासाचें अंग नव्हे. तें नसल्यानें भक्तींत उणें पडत नाहीं, व असल्यानें भर पडत नाहीं. ख्रिस्ताची भक्ति आपल्या देशाच्या रीतीनें व्हावी म्हणून नारायण वामन टिळक यांनीं १९१७ सालीं साताऱ्यास देवाचा दरबार स्थापिला. त्याच न्यायानें पाहिलें तर फांदी कोंकण किनाऱ्यावरील सुरूची असो किंवा दुकानांतील प्लास्टिकची असो, तिच्यावरील काकणांचे तुकडे व तो बिल्ला हीं मात्र आमचींच आहेत.

हीं आलीं कोठून, हेंही ध्यानांत घ्यावें. १८५३ सालीं आगगाडी ठाण्यापर्यंत आली व पुढील वर्षीं कल्याणास पोंचली. कल्याणास दोन वाटा मिळतात: एक कसाऱ्यावरून नाशिकाकडील, दुसरी कर्जतवरून पुण्याकडील. या दोन वाटांनीं नगर, जालना, सोलापूर या बाजूंचीं अनेक कुटुंबें एक ट्रंक व एक वळकटी घेऊन पोटासाठीं इकडे आलीं. एका खोलीच्या बिऱ्हाडांत गांवचें घर मावत नाहीं, शेत मावत नाहीं, आजीची चूल मावत नाहीं. मावतो तो काकणाचा तुकडा. तो टांगण्यांत मनुष्यास सुख वाटलें तर त्यांत दोष कोणता?

शास्त्राकडे वळलें असतां दोन्ही बाजूंचे धडे मिळतात. हन्ना आपल्या शमुवेलासाठीं दरवर्षीं एक लहानसा झगा शिवून शिलोस नेत असे. यापो येथें दुर्कस मरण पावली तेव्हां विधवा तिनें शिवलेलीं वस्त्रें हातांत घेऊन रडत पेत्राला दाखवीत होत्या. त्या वस्त्रांवरील त्यांच्या प्रीतीस शास्त्रानें कोठेंही दोष दिलेला नाहीं. यार्देनेच्या पात्रांतून बारा धोंडे उचलून ते गिलगालांत उभे करण्यांत आले, ते याचसाठीं कीं, पुढें मुलांनीं त्यांचा अर्थ विचारावा व बापांनीं तो सांगावा.

परंतु त्याच गिलगालांत पुढें उपासना इतकी भ्रष्ट झाली कीं, होशेय व आमोस या संदेष्ट्यांस लोकांना तेथें जाऊं नका असें बजावावें लागलें. आणि रानांत मोशेनें देवाच्याच आज्ञेनें केलेल्या पितळी सर्पापुढें लोक धूप जाळूं लागले, तेव्हां हिज्कीया राजानें तो फोडून टाकिला. नहुश्तान म्हणजे केवळ पितळेचा तुकडा, हें त्याचें उरलेलें नांव. वस्तु तीच होती. लोकांचें तिच्याशीं असलेलें नातें पालटलें होतें.

यावरून मला असें दिसतें कीं, टाक व खूण यांतील भेद वस्तूंत नाहीं. आपण तिच्यापाशीं काय मागतों यांत आहे. टाकापाशीं मनुष्य रक्षण मागतो, आणि त्याचा मान चुकला तर कोप होईल म्हणून भितो. खुणेपाशीं तो कांहीं मागत नाहीं. ती पाहून तो आठवतो, सांगतो, व ज्यानें तें माणूस दिलें होतें त्या देवाचे उपकार मानतो.

त्या वृद्ध उपदेशकांनीं अखेर सुनेलाच विचारलें, "बाई, या टोपड्यापाशीं तूं काय मागतेस?" ती म्हणाली, "कांहीं नाहीं, मामा. त्याचें नांव आतां घरांत कोणी घेत नाहीं. माझ्यापुढें घ्यावयास सगळे भितात. वर्षांतून एक दिवस तरी सगळ्यांनीं मिळून घ्यावें, एवढेंच." वृद्धांनीं यावर उत्तर केलें नाहीं. परंतु त्या रात्रीं कौटुंबिक उपासनेंत त्यांनीं त्या बाळाचें नांव घेऊन, तें आठ महिने आपल्या घरीं होतें याबद्दल देवाचे आभार मानले. त्या घरांत जें मौन इतके दिवस भरून होतें तें एका टोपड्यानें सुटलें.

म्हणून प्रत्येक घरानें आपली परीक्षा आपणच करावी. एखादी वस्तु या वर्षीं टांगावयाची राहिली तर घरावर अरिष्ट येईल अशी धास्ती वाटते काय? वाटत असेल तर ती वस्तु पेटींतच राहूं द्यावी. तिच्याविषयीं मुलांस सांगण्यासारखें कांहीं आहे काय? नसेल तर ती नुसती शोभा आहे. शोभेंत पाप नाहीं, पण तिला स्मरण म्हणूं नये. आणि गेलेल्यांचें स्मरण करितांना जिवंतांचा विसर पडतो काय? झाडाखालीं डोळे पुसून जो उठतो व शेजारच्या विधवेच्या घरीं फराळाचें ताट नेतो, त्याचें स्मरण दुर्कशीच्या वस्त्रांच्या जातीचें आहे.

आणखी एक परीक्षा देव केव्हां केव्हां स्वतः घेतो. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रुझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि उल्हास नदीच्या पुरानें कल्याणच्या बाजूचा सखल भाग पाण्याखालीं गेला. तेथील एका कुटुंबाची नाताळची पेटी चिखलांत गेली. कागद, कापूस, कांच, सर्व नष्ट झालें. त्या डिसेंबरांत त्यांनीं झाड उभें केलें, पण टांगावयास कांहीं नव्हतें. तेव्हां सर्वांत धाकट्या मुलीनें रिकाम्या फांदीला बोट लावून म्हटलें, "येथें आजोबांचा बिल्ला असे," आणि बिल्ल्याची सारी गोष्ट सांगितली. मग दुसऱ्यानें दुसरी फांदी धरली. असें करीत पेटींतलें सर्व कांहीं त्या रात्रीं सांगून झालें. वस्तूंवर त्यांची प्रीति होती, व त्या गेल्याचें दुःखही त्यांस झालें. परंतु ज्यासाठीं त्या वस्तु होत्या तें पुरांत गेलें नव्हतें.

खेड्यांतील बंधुभगिनींनो, तुमच्या घरीं झाड नसेल तर त्यासाठीं कर्ज काढूं नका, व रानांतील वाढतें झाडही तोडूं नका. अंगणांतील पेरूची एक फांदी पुरे. आईच्या हातची घोंगडीची दोरी, शाळेंतील पहिली पाटी, बापाच्या बैलाचें घुंगरूं, जें असेल तें बांधा. आणि बांधतांना मुलांना जवळ बसवून घ्या. मरीयेनेंही गोठ्यांतील त्या रात्रीच्या सर्व गोष्टी अंतःकरणांत जपून ठेविल्या होत्या. मुलें विचारतील, "हें कोणाचें?" त्या वेळीं काम बाजूस ठेवून त्यांस उत्तर द्या.