मोजणी

वाशीमहून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरांच्या वर. आमच्याकडे पाणी म्हणजे पैनगंगा, विहीर, फार तर एखादा तलाव. तेव्हा भरसमुद्रात बुडणाऱ्यांना वाचविण्याविषयी वऱ्हाडातल्या माणसाने लिहावे, हा थोडा आगाऊपणाच. पण मला पडलेला प्रश्न काही एकट्या समुद्राचा नाही. डोळ्यांसमोर बुडणाऱ्याला हात द्यावा, याविषयी कोणाचे दुमत नसते. मात्र जो बुडतो आहे हे आपल्याला ठाऊकच नाही, त्याचे आपण काही देणे लागतो काय?

17 जुलै 1947, आषाढातली अमावास्या. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांत कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी ती मासळी समुद्रात लोटून दिली आणि हाती लागतील तेवढी माणसे होड्यांत ओढून घेतली, असे सांगतात. आणि मुंबई? ती आपल्या कामात होती. दुपार उलटेपर्यंत तिला पत्ताच नव्हता. मुंबई निर्दय होती असे कोण म्हणेल? कळले असते तर धावलीच असती. पण हे ‘कळले असते तर’ मला पुरेसे वाटत नाही. शेकडो माणसे ऐन पावसाळ्यात पाण्यावर सोडायची आणि ती पोचली की नाही हे विचारायला कोणी नेमायचे नाही, तर मग त्या अज्ञानाला नुसते दैव कसे म्हणावे?

खेड्यात दिवेलागणीला गुरे परततात तेव्हा घरधनी गोठ्याच्या तोंडाशी उभा राहून ती मोजतो. एक कमी भरले की लगेच कंदील घेऊन गडी निघतो. कंदील आपल्याला दिसतो; आधीची मोजणी दिसत नाही.

समुद्रावरची ही मोजणी जगाने फार उशिरा मनावर घेतली. 1979 साली हँबर्ग येथे झालेल्या कराराने राष्ट्रांनी शोध आणि बचावासाठी समुद्र वाटून घेतले. मालकीसाठी नव्हे, जबाबदारीसाठी, हे विशेष. भारताच्या वाट्याला सुमारे 46 लाख चौरस किलोमीटर पाणी आले, म्हणजे आपल्या जमिनीपेक्षाही जास्त. तटरक्षक दलाच्या मुंबईतील केंद्रात कोणी ना कोणी रात्रंदिवस जागा असतो. 1554 हा क्रमांक फिरवला की तो बोलतो. वारा आणि प्रवाह बुडत्याला कोठे नेतील याचे गणित मांडतो. जवळचे जहाज, मग ते कोणत्याही देशाचे असो, तिकडे वळवतो. पाण्यात उडी घेणाऱ्याला आपण हार घालतो. या टेबलाशी बसलेल्या माणसाला कोणी घातल्याचे ऐकिवात नाही.

यावर कोणी म्हणेल, कचेरी निघाली की शेजाऱ्याची माणुसकी सुटते. मला तसे वाटत नाही. 18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरी बेटाकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. नौदल, तटरक्षक, पोलीस यांच्या बोटी धावल्या, तशा आसपासच्या खासगी होड्याही धावल्या. हुकमाची वाट पाहत कोणी बसले नाही. शंभराच्या आसपास माणसे वाचली, पंधरा गेली. उणीव राहिली ती भलतीकडेच. बोटीवर नक्की किती माणसे होती, हे पहिले काही तास ठामपणे सांगता येईना. आकडा ऐंशीवरून शंभराच्या पुढे गेला. धैर्य भरपूर होते, हजेरीपट नव्हता.

आणि या मोजणीची एक कठीण बाजूही आहे. शोध केव्हा थांबवायचा? वाचण्याची वाजवी आशा संपेपर्यंत, असा नियम आहे. ‘वाजवी’ म्हणजे किती, हे कोणा एका अधिकाऱ्याला ठरवावे लागते, आणि आईची आशा तर कधीच वाजवी नसते. घारापुरीच्या त्या अपघातात एक सात वर्षांचा मुलगा सापडत नव्हता. थंड डोक्याने हिशेब करणाऱ्याला उत्तर दुसऱ्याच दिवशी देता आले असते. त्याचा देह तीन दिवसांनी मिळाला. तोवर बोटी त्याला शोधत फिरत होत्या.