दोन साक्षीदार आणि एक कोड

इंजिनात दोन दांडे फिरतात. खालचा क्रँकशाफ्ट, पिस्टनना जोडलेला. वरचा कॅमशाफ्ट, व्हॉल्व्ह उघडणारा. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा बरोबर एक. हे गणित सांभाळते मधली चेन किंवा बेल्ट. दोन्ही दांड्यांवर सेन्सर असतात आणि गाडीतला संगणक दोघांचं म्हणणं सतत ताडून बघतो. जुळलं नाही की डॅशबोर्डवर दिवा लागतो, स्कॅनरवर कोड येतो: पी००१६.

गेल्या पावसाळ्यात बाबांच्या गाडीत हा कोड आला. सकाळी स्टार्ट करताना दोन सेकंद खडखड, मग शांत. सिग्नलला उभं राहिलं की इंजिन थरथरायचं. सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला आणि दहा मिनिटांत कॅमचा सेन्सर बदलायचं एस्टिमेट हातात ठेवलं.

मला हा कोड आवडतो, कारण तो स्वतःला माहीत आहे तेवढंच बोलतो. ‘सेन्सर खराब’ असं तो कुठेच म्हणत नाही. दोन जबान्या जुळत नाहीत, एवढंच. कदाचित दोन्ही सेन्सर खरं बोलत असतील आणि मधली चेनच सैल झाली असेल. तसं असेल तर नवा सेन्सर बसवणं म्हणजे खऱ्या साक्षीदाराला हाकलून दुसरा बोलावणं. तोही तेच सांगणार. आणि चेन आणखी दात सरकली, तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतो. त्याचा खर्च सेन्सरच्या कितीतरी पट.

आमच्या धंद्यात हे रोज घडतं. सर्व्हर रीस्टार्ट केला, अलर्ट गेला, तिकीट बंद. पण तिथे निदान कंपनीचा वेळ जातो. दुसऱ्याच्या खिशातून अंदाज बांधायचा हक्क कुणाला?

अंदाज बांधणं वाईट आहे असं मला वाटत नाही. आधी स्वस्त शक्यता तपासायची, ही शहाणी पद्धत आहे; डॉक्टरही तसंच करतात. अंदाज ‘निदान’ म्हणून विकला जातो तिथे माझं बिनसतं.

मुलुंडच्या एका छोट्या गॅरेजमधल्या काकांनी गाडी रात्रभर थंड होऊ दिली आणि सकाळी नुसता आवाज ऐकला. म्हणाले, “आत्ता सांगता नाही येणार. आधी ऑइल बघतो, खराब ऑइलनेही हा कोड येतो. मग दोन्ही सेन्सरचे सिग्नल एकाच स्क्रीनवर लावू. तरी संशय राहिला तर कव्हर खोलावं लागेल. आतून चेन चांगली निघाली, तरी खोलायची मजुरी द्यावी लागेल. चालेल?”

कुणी म्हणेल, पूर्वीचे मिस्त्री नुसत्या कानाने सांगायचे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या प्रीमिअर पद्मिनीत हे सेन्सर नव्हतेच. ३० ऑक्टोबर २०२३ला तिची शेवटची टॅक्सी मुंबईतून बाद झाली, तोवर तिला कानानेच जगवलं. पण कानही चुकतो, आणि कानाचा अंदाजही बिलातच लागतो. फक्त त्याला कोडचा रुबाब नसतो.

बाबांना ती मजुरीची अट पटली नाही. “काहीच निघालं नाही तर पैसे कशाचे?” मी म्हटलं, कळल्याचे. ‘चेन चांगली आहे’ हीसुद्धा माहितीच ना? ते म्हणाले, “तू पगारदार, तुला परवडतं.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. महिन्याच्या शेवटाला रिक्षाचं काम काढणाऱ्याला शंका आणि खात्री यांच्यात निवड करायची सोय नसते. तो सेन्सर बदलतो, देवाचं नाव घेतो आणि पॅसेंजर भरतो. खात्री महाग असेल, तर अंदाज विकणाऱ्याला मी कितपत बोल लावू?

कव्हर खोललं. खुणा जुळत नव्हत्या, चेन लांबली होती, टेन्शनर शेवटापर्यंत बाहेर आला होता. दोन्ही सेन्सर ठणठणीत. तेच अजून गाडीत आहेत.

बाबांचं मत मात्र कायम आहे: चेन चांगली निघाली असती तर त्यांनी मजुरी दिली नसती. जेवताना हा विषय निघाला की आई टीव्हीचा आवाज वाढवते.