नाव नसलेली वस्तू

घरात नवी वस्तू आली की घर काही दिवस तिच्याकडे पाहुण्याकडे पाहावे तसे पाहते. कुकरच्या पहिल्या शिट्टीला दचकलेली आजी पुढे त्याच शिट्टीवर भाताचा अंदाज बांधू लागते. नवी कवळी बसविलेल्या माणसाला पहिले आठ दिवस आपल्याच तोंडात कुणी परके राहावयास आल्यासारखे वाटते; महिन्याभराने तिच्यावाचून भाकरीचा तुकडा मोडवत नाही. चष्मा, काठी, कानातले यंत्र, साऱ्यांची गोष्ट हीच. आधी वस्तू खुपते, मग चालते, आणि शेवटी ती आहे याची आठवणही राहत नाही. याला आपण सराव म्हणतो.

परंतु काही वस्तू अशा असतात की त्यांच्या बाबतीत हा सराव इतका सहज होत नाही. शरीरसुखासाठी बनविलेली जी साधने अलीकडे आपल्या सोलापूरसारख्या गावांतही कुरिअरने घरपोच येऊ लागली आहेत, त्यांच्याविषयी मी बोलतो आहे. विषय कळताच कुणी पान उलटले तर माझी तक्रार नाही. मात्र मला पडलेला प्रश्न अभिरुचीचा नसून नीतीचा आहे. अशी वस्तू दोन माणसांच्या मध्ये आली म्हणजे ती माणसे एकमेकांचे काय देणे लागतात?

पहिली अडचण नावापासूनच सुरू होते. इंग्रज तिला खेळणे म्हणतो. मराठीत खेळणे म्हटले की बाहुली नाहीतर लाकडी गाडी डोळ्यांपुढे येते, त्यामुळे तो शब्द येथे जिभेवर रुळत नाही. विकणारा तिला ‘मसाजर’ म्हणतो. खोक्यावर मान, पाठ आणि पोटऱ्या यांच्या दुखण्याचा उल्लेख असतो. घेणाऱ्याला खरे ठाऊक, विकणाऱ्यालाही ठाऊक. पण व्यवहार होतो तो पाठदुखीचा.

हे सोंग मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जाऊन आले आहे. परदेशातून आलेला ‘बॉडी मसाजर’ या नावाचा माल सीमाशुल्क खात्याने अडवला. आधार घेतला होता १९६४ सालच्या एका अधिसूचनेचा. अश्लील पुस्तके, चित्रे, आकृती आणि वस्तू यांच्या आयातीस तिने मनाई केली आहे. या यंत्रांचा उपयोग कामसुखासाठी होऊ शकेल, असे खात्याचे म्हणणे होते. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने खात्याचे अपील फेटाळले. असे मसाजर देशात उघडपणे विकले जातात, बाकीचे सारे अधिकाऱ्याच्या कल्पनेतले आहे, असा त्या निकालाचा आशय होता. निकाल योग्यच झाला. तरी एवढे ध्यानात घेतले पाहिजे की वस्तू सुटली ती मसाजर म्हणून. एखाद्या प्रौढ माणसाने ती सुखासाठीच मागविली असती, तर त्यात गैर काय होते, हा प्रश्न तसाच राहिला.

असले सोंग आपणच घेतो असे मात्र नव्हे. इंग्लंडमध्ये १८८० च्या सुमारास मॉर्टिमर ग्रॅनव्हिल नावाच्या डॉक्टराने विजेवर कंप पावणारे यंत्र तयार केले, ते स्नायूंच्या व मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी. पुढे अमेरिकन वर्तमानपत्रांत अशा घरगुती यंत्रांच्या जाहिराती येऊ लागल्या, त्यांतही आरोग्य आणि सौंदर्य यांचीच भाषा होती. डॉक्टर हे यंत्र स्त्रियांच्या हिस्टेरियावर वापरीत, अशी एक कथा १९९९ मधल्या एका पुस्तकातून जगभर पसरली. २०१८ मध्ये दोन अभ्यासकांनी त्या पुस्तकाचे आधार तपासून पाहिले व त्या कथेला पुरावा नाही, असे दाखवून दिले. कथा मात्र अजून सांगितली जाते. याचे कारण मला असे दिसते की, सुख म्हणून जे मागता येत नाही ते औषध म्हणून मागता येते, आणि ही सोय माणसाला सर्वत्र हवीशी वाटते.

नावात काय आहे, असे आपण म्हणतो. पण १९६८ साली सरकारने ‘निरोध’ बाजारात आणला तेव्हा नावात काय असते ते देशाला दिसले. पंधरा पैशांना तीन, ही किंमत महत्त्वाची होतीच. परंतु एरवी खाणाखुणांनी मागावी लागणारी वस्तू आता एका शब्दाने मागता येऊ लागली. दुकानदार ती कागदात गुंडाळून देई, हे खरे. तरीही नाव आले म्हणजे अर्धी चोरी संपते. ज्या वस्तूला नाव नाही तिच्याविषयी नवरा-बायको बोलणार तरी कसे? आणि बोलता आले नाही तर हो कसे म्हणावयाचे, नको कसे म्हणावयाचे?

या बोलण्यासाठी आपल्याकडे एका माणसाने आयुष्य खर्ची घातले. रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि त्यापायी नोकरी गमावली. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. त्यात वाचकांच्या खाजगी शंकांना ते उत्तरे देत. १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा जो खटला झाला तो या उत्तरांवरूनच. हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण असे ते विषय होते. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कामविषयक प्रश्नाची चर्चा केली एवढ्याने लेखन अश्लील ठरत नाही, आणि लोक शंका विचारीत असतील तर त्यांना ज्ञान मिळाले पाहिजे, अशा रोखाने त्यांनी बाजू मांडली. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. मला त्या खटल्यात सर्वांत बोलके काय वाटते, तर ती पत्रे. ज्या समाजाला हे विषय नकोत असे सांगितले जात होते, त्याच समाजातून ती पाकिटे येत होती. आजही दहावीच्या विज्ञानातला प्रजननाचा धडा अनेक वर्गांत ‘घरी वाचा’ म्हणून सुटतो. मी शाळामास्तर आहे, त्यामुळे हे मी ऐकीव म्हणून सांगत नाही. घरी तो कोण वाचतो, आणि वाचून कुणाला विचारतो?

ही साधने पाश्चात्त्यांची देणगी आहे, असे म्हणणाऱ्यांनी वात्स्यायन उघडून पाहावा. कामसूत्राच्या शेवटच्या अधिकरणात ‘अपद्रव्ये’ या नावाने अशा साधनांचा विचार आहे. ती सोन्याची, रुप्याची, तांब्याची, हस्तिदंताची, शिंगाची कशी करावीत हेही आहे. अंतःपुरातल्या स्त्रिया कंदमुळे आणि फळे यांचा उपयोग करीत, याची नोंद वेगळी आहे. पण ग्रंथात आहे म्हणून ती प्रत्येकाने वापरावीत, असे वात्स्यायनाचेही म्हणणे नाही. शास्त्र सर्वांसाठी सांगितलेले असते, आचरण मात्र देश, काळ आणि आपला स्वभाव पाहून करावयाचे, असे तो बजावतो. प्राचीनतेचा हवाला एवढ्यापुरताच घ्यावा. जुने म्हणून चांगले हे जितके पोकळ, तितकेच नवे म्हणून वाईट हेही पोकळ.

आता खऱ्या भीतीकडे येऊ. नवऱ्याच्या मनात जे भय असते ते सोलापूरकराने तरी ओळखावयास हवे. १८७७ साली या गावात पहिली कापडगिरणी निघाली. पुढे हातमागाच्या शेजारी यंत्रमाग आला, आणि ज्याची पिढ्यान्‌पिढ्या धोट्यावर हुकमत होती त्या विणकराला कळून चुकले की यंत्र दमत नाही, हात दमतो. बायकोच्या कपाटात असे साधन पाहिलेल्या पुरुषाला नेमके हेच वाटते. यंत्र दमत नाही. मग माझे काय?

यावर ‘तसे काही नसते हो’ असे सांगून त्याची समजूत काढणे सोपे आहे. पण तुलना नीट करून पाहावी. मागावरचे काम चादरीसाठी असते. चादर चांगली निघाली तर ती हाताने विणली की यंत्राने, याची चौकशी पांघरणारा करीत नाही. शरीरसंबंधालाही आपण चादरीसारखे मानले, म्हणजे शेवटी हाती काय आले एवढेच मोजले, तर यंत्र जिंकणार यात संशय नाही. पण दोन माणसे रात्री एकमेकांजवळ येतात ती काही उत्पादन करण्यासाठी नव्हे. कुणीतरी आपल्याला ओळखावे, आपल्या अंगाचे ऐकावे, एवढ्यासाठी माणूस माणसाजवळ जातो. हे यंत्राला साधत नाही. म्हणून त्या जागेवर त्याचा हक्कही लागत नाही.

मात्र याच युक्तिवादाची दुसरी बाजू पुरुषाला सोसावी लागेल. कित्येक घरांत वीस-वीस वर्षे हे ‘ऐकणे’ झालेलेच नसते. बायकोने सोसले, नवऱ्याने त्याला प्रेम म्हटले, आणि दोघांनी त्याला संसार म्हटले. शरीरशास्त्रानेही येथे फारशी घाई केली नाही. स्त्रीच्या सुखाचा जो अवयव पुस्तकांतून एखाद्या ठिपक्याएवढा दाखवीत, तो आत किती खोलवर पसरलेला आहे हे ऑस्ट्रेलियातील शल्यचिकित्सक हेलन ओ’कॉनेल यांनी १९९८ मध्ये विच्छेदनाच्या आधारे मांडले. माणूस चंद्रावर जाऊन आल्यानंतरची ही गोष्ट! अशा वेळी एखाद्या स्त्रीला चाळिशीत, एका वस्तूमुळे, आपल्या शरीराला काय आवडते ते प्रथमच कळले, तर त्या वस्तूने नवऱ्याचे काही हिरावले असे कसे म्हणता येईल? जे कधी दिलेच नव्हते ते हिरावले कसे जाईल? जी स्त्री विधवा आहे, अविवाहित आहे किंवा एकटी राहते, तिच्या बाबतीत तर हा प्रश्नही उठत नाही. तिच्या बंद दाराआडच्या सुखाने कुणाची चूल विझत नाही.

सरावाची गोष्ट मी आरंभी काढली. तो शरीराचाही असतो. २०१४ मध्ये जर्मनीतून एक नव्या तऱ्हेचे साधन बाजारात आले. जुनी साधने थरथरत. हे हवेच्या दाबाची हलकी स्पंदने देते. ज्या शरीराला एका स्पर्शाची सवय आहे त्याला असा नवा स्पर्श कधी फार होतो, तर कधी काहीच जाणवत नाही. सौम्य वेगाने आरंभ करावा, पाण्याचे वंगण वापरावे, दुखले की थांबावे, नंतर स्वच्छ धुवावे, आणि पहिल्या दिवशी निकालाची अपेक्षा धरू नये, एवढे शहाणपण त्यासाठी पुरते. शरीर आपल्या गतीने शिकते.

मनाचा सराव याहून अवघड, आणि तेथे मला धोका दिसतो. तो अश्लीलतेचा नाही. वस्तू कधी ‘नको’ म्हणत नाही. तिला थकवा नाही, रुसवा नाही, डोकेदुखी नाही. जी कधी नाकारत नाही तिच्या सहवासात फार राहिले, तर नाकारण्याचा अधिकार असलेल्या माणसाविषयी आपला धीर सुटू लागतो. आपण माणसाकडूनही बटणाची अपेक्षा करू लागतो. हे पुरुषाच्या बाबतीत खरे आहे, स्त्रीच्याही.

म्हणून वस्तू घरात येताना पहिला शब्द कुणाचा होता, हे मी महत्त्वाचे मानतो. नवऱ्याने न विचारता खोके आणून पुढे ठेवले. “अहो, हे काय आणलंत?” असे तिने विचारले. “सगळीकडे चालतं, तू मागासलेली आहेस,” असे तो म्हणाला. येथे वस्तू निरुपद्रवी असेल. कृत्य तसे नाही. आधुनिकतेच्या नावाने केलेली जबरदस्ती जुन्या जबरदस्तीहून सभ्य ठरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही, अठरा वर्षांवरील पत्नीवर पतीने केलेला संबंध बलात्कार मानू नये, हा जुना अपवाद कायम ठेवला गेला. ज्या ठिकाणी कायद्याने पत्नीच्या ‘नको’ला पुरते बळ दिले नाही, त्या ठिकाणी ते बळ नवऱ्याच्या सभ्यतेने द्यावे लागते. उलट, तीच गोष्ट आधी विचारून, हसत, लाजत, “जमलं नाही तर ठेवून देऊ” असे म्हणत झाली, तर तेच खोके दोघांना जवळ आणील. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन आठवडाभर तिकडेच राहणारे नवरे आपल्या गावात थोडे नाहीत. दूर राहून फोनवरून चालविता येणारी साधनेही आता निघाली आहेत. त्या जोडप्यांना ती उपयोगी पडतील किंवा नाही पडणार. पण फोनवर “आज जेवलीस का?” एवढेच विचारता येणाऱ्या नवऱ्याला “तुला काय आवडतं?” हे विचारता आले, तर वस्तू न घेताही पुष्कळ साधेल.

मला या वस्तूसाठी ‘साधन’ हा शब्द बरा वाटतो. कर्व्यांच्या काळापासून तो संततिनियमनासाठी मराठीत रुळलेला आहे. शिवाय त्या शब्दातच तिची मर्यादा आली. साधनाने साध्याची जागा घ्यावयाची नसते. एखाद्याला याहून चांगला शब्द सुचेल, तो त्याने जरूर वापरावा. मात्र तो असा असावा की पत्नीने पतीजवळ मान खाली न घालता उच्चारावा, आणि तितक्याच सहजपणे त्याच्यापुढे ‘हवे’ किंवा ‘नको’ हा शब्द जोडावा.