टाळी कोणाला?

माणसाने कोणत्या संघाच्या बाजूने उभे राहावे, हा प्रश्न पुण्याच्या किंवा म्हैसूरच्या माणसाला सहसा पडत नाही. वडिलांचे आडनाव लावावे तितक्या सहजपणे तो आपल्या गावच्या संघाचा होतो. प्रश्न पडतो तो आपल्यासारख्यांना. बिदर-कलबुर्गीच्या पट्ट्यातल्या मराठी घरात रणजी सामन्याचा विषय निघाला की बोलणे फलंदाजीवरून सुरू होते आणि पाच मिनिटांत कोणीतरी विचारतो, "खाता इथलं आणि टाळ्या तिथल्यांना?" विचारणारा हसत विचारतो, ऐकणारा हसत ऐकतो, पण त्या हसण्याला किंचित कडवट चव असते. हा प्रश्न थट्टेवारी नेता येतो, पण तसा तो नेऊ नये. कारण त्यात खेळापेक्षा मोठे काहीतरी विचारलेले असते: तुम्ही नेमके कोणाचे?

आमचे घर मूळचे भालकीचे. माझे थोरले काका १९३० च्या सुमाराचे. हैदराबाद संस्थानात जन्मले, उर्दूतून शिकले, हिशेब मराठीत ठेवला आणि बाजार कन्नडमध्ये केला. त्यांचा संघ हैदराबाद. रणजी स्पर्धा १९३४-३५ साली सुरू झाली आणि चौथ्याच हंगामात, १९३७-३८ मध्ये, हैदराबादने अंतिम सामन्यात नवानगरला एका गड्याने हरवून करंडक नेला. एडुलजी ऐबारा नाबाद १३७. काका तेव्हा सात-आठ वर्षांचे असतील. त्यांनी तो सामना पाहिला नव्हता. पण ऐबाराचे नाव ते घरातल्या वडीलधाऱ्याचे घ्यावे तसे घेत.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. १९४८ साली रझाकारांच्या भीतीने सरहद्दीवरची कितीतरी कुटुंबे संस्थान सोडून बार्शी-सोलापूरकडे गेली, त्यांत आमचेही घर होते. काका तेव्हा ऐन तारुण्यात. ज्या राजवटीने घराला कुलूप लावायला लावले, तिच्यावर त्यांनी जन्मभर राग धरला. आणि तरीही हैदराबादचा संघ त्यांचाच राहिला. त्यांना यात विसंगती कधी वाटली नाही. मला लहानपणी वाटायची. पुढे वाटले की काकांनी जे सहज केले ते शहाण्यासुरत्यांनाही जमत नाही: राज्य एक आणि संघ एक, हे त्यांनी वेगळे ठेवले होते. राजाची चाकरी संपली म्हणून ऐबाराची खेळी परकी झाली नाही.

मग १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. जुन्या बिदर जिल्ह्याच्या वाटण्या झाल्या. उदगीर, अहमदपूर, निलंगा मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात गेले. जहीराबाद, नारायणखेड आंध्र प्रदेशात. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात. काकूंचे माहेर उदगीरचे, ते एका रात्रीत परराज्य झाले. कागदोपत्री काकांचा संघही बदलला. बिदरहून हैदराबाद जेमतेम दीडशे किलोमीटर आणि बंगळूर सहाशेहून अधिक, पण नियमाने आता बंगळूरकडे तोंड करायचे. काका म्हणत, "सरकारनं तहसील बदलली. मन कुठल्या तहसिलीत येतं?"

माझी गोष्ट निराळी. मी मुंबईचा. म्हणजे मुंबईत राहिलो असे नाही. पण १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षे मुंबईने करंडक सोडला नाही, आणि त्या पंधरा वर्षांतच माझे बालपण गेले. वर्तमानपत्र सोलापूरहून उशिरा येई, पण मुंबई जिंकली हे वाचायला घाई नसे. ते ठरलेलेच असायचे. अशा निष्ठेत काही कर्तृत्व नाही. जिंकणाऱ्याच्या मागे उभे राहायला काय लागते?

१९७३ च्या १ नोव्हेंबरला म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले, आणि त्याच हंगामात, मार्च १९७४ मध्ये, बंगळूरला उपांत्य सामन्यात कर्नाटकाने मुंबईला पहिल्या डावाच्या आघाडीवर बाहेर काढले. प्रसन्नाने गावस्करचा त्रिफळा उडवला, वाडेकर धावताना घसरून धावबाद झाला. पुढे जयपूरला राजस्थानला हरवून कर्नाटकाने पहिल्यांदा करंडक जिंकला. राज्याला नवे नाव मिळून पाच महिनेही झाले नव्हते. आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. ते पेढे माझ्याही हातावर ठेवले गेले आणि मी ते खाल्ले. गोड लागले नाहीत, पण टाकलेही नाहीत. मुंबईचा मी खऱ्या अर्थाने त्या दिवशी झालो असे मला वाटते, कारण त्या दिवशी मुंबईसाठी पहिल्यांदा काही सोसावे लागले.

"खाल्ल्या मिठाला जागावे" हे मला मान्य आहे. पण मीठ म्हणजे काय, हे पाहायला हवे. राज्याचे आपण काय लागतो? कर, कायद्याचे पालन, मत, आणि जिथे राहतो तिथल्या भाषेचा आदर, म्हणजे ती शिकणे. तीस-पस्तीस वर्षे राहून दुकानात कन्नड बोलता येत नसेल, तर तो मिठाला न जागणे होय, आणि अशी माणसे आपल्यात आहेत हे कबूल करायला हवे. पण टाळी ही काही कराची बाब नाही. सक्तीने वाजवलेली टाळी नाटक होते, आणि शेजाऱ्याला ते नाटक कळते.

"मग तुमचा आधार भाषा," असे कोणी म्हणेल. तोही टिकत नाही. मराठी मुलखाचा संघ कोणता? एकट्या महाराष्ट्र राज्यात रणजीचे तीन संघ: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. देवधरांच्या महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असे लागोपाठ दोन करंडक मिळवले. भाऊसाहेब निंबाळकर १९४८-४९ साली पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर होता आणि प्रतिस्पर्ध्यांनी सामनाच सोडून दिला. हे सगळे मराठी वैभव, पण मुंबईच्या खात्यावर त्यातले काही नाही. मार्च २०२४ मध्ये मुंबईने ४२ वे विजेतेपद मिळवले ते विदर्भाला हरवून. भाषेचा अभिमानी त्या दिवशी कुठे बसणार? आणि घरी मराठी बोलणारा राहुल द्रविड कर्नाटकाकडून खेळायचा, तेव्हा आमच्या गल्लीतल्या कडव्या मराठी माणसांचीही पंचाईत होत असे.

नुसत्या नावानेही माया जडत नाही. २०२२ साली महाराजा करंडक स्पर्धा 'गुलबर्गा मिस्टिक्स' या संघाने जिंकली. आमच्या जिल्ह्याचे नाव छातीवर, कर्णधार मनीष पांडे, सामने मात्र म्हैसूर आणि बंगळूरला. आनंद झाला, नाही असे नाही. पण त्या संघाच्या पराभवाने इथे कोणी जेवण सोडले असेल, असे मला वाटत नाही. अजून त्याच्याशी आपले काही गेलेले नाही.

याउलट काका. नोव्हेंबर २०१० मध्ये जयपूरला राजस्थानविरुद्ध हैदराबादचा डाव २१ धावांत आटोपला. दीपक चहर नावाच्या नवख्या पोराने पहिल्याच सामन्यात दहा धावांत आठ बळी घेतले. काका ऐंशीचे. घरातल्या पोरांनी थट्टा केली, "आजोबा, आता तरी कर्नाटकात या." काका म्हणाले, "पडत्या काळात घर सोडायचं नसतं रे. एकदा सोडलं होतं, ते पुरे." मग कोणी थट्टा केली नाही.

राहिला शेजारी. राज्याचे आपण टाळीचे देणे लागत नाही, पण शेजाऱ्याच्या दुःखाचे लागतो, असे माझे मत आहे. जानेवारी २०१० मध्ये म्हैसूरच्या अंतिम सामन्यात कर्नाटकासमोर ३३८ चे लक्ष्य होते. मनीष पांडेने १४४ केले आणि मुंबई अवघ्या सहा धावांनी जिंकली. शेजारच्या कन्नड घरातला मुलगा ओट्यावर डोके गुडघ्यांत घालून बसला होता. आमच्या घरात त्या संध्याकाळी फटाका वाजला नाही. हा त्याग नव्हे. मयताच्या दारावरून वरात नेऊ नये, इतकेच.

खेळणाऱ्यांनी ही गाठ आपल्याआधीच सोडवून ठेवली आहे. मुंबईच्या गावस्करांची बहीण कर्नाटकाच्या विश्वनाथांच्या घरी दिली. गावस्करांनी मुलाचे नाव ठेवले रोहन जयविश्व: वेस्ट इंडीजचा कन्हाय, हैदराबादचा जयसिंह आणि कर्नाटकाचा विश्वनाथ. पुढे तो मुलगा खेळला बंगालकडून. तरी १९८१-८२ च्या उपांत्य सामन्यात बंगळूरला रघुराम भटची फिरकी खेळायला हेच गावस्कर डावखुरे उभे राहिले, तेव्हा कोणी त्याला कर्नाटकाचा अपमान म्हटले, कोणी खेळपट्टीचा, आणि आमच्याकडे त्यावरून दोन सख्खे शेजारी महिनाभर बोलत नव्हते. सोयरिकीतही रुसवे असतातच.

२०१३-१४ च्या हंगामात महाराष्ट्राने मुंबईला मुंबईतच बाद केले, आणि अंतिम सामना झाला कर्नाटक विरुद्ध महाराष्ट्र, तोही हैदराबादला. जणू १९५६ च्या वाटणीतले सगळे वारस एका मैदानावर आले. आमच्या घरात दूरचित्रवाणीसमोर उदगीरचा भाचा महाराष्ट्राकडून, माझी मुलगी कर्नाटकाकडून. ती कन्नड शाळेत शिकलेली. तिचे प्रेम उसने नाही. मी मधल्या मध्ये. काकांना विचारले, तुम्ही कोणाकडून? ते म्हणाले, "कोणीबी खेळू दे. मैदान आपलं आहे."

राहुलच्या १३१ आणि गणेश सतीशच्या ११७ धावांनी कर्नाटकाने पहिल्या डावात ५१५ केले आणि सामना सात गड्यांनी जिंकला. मुलीने भाच्याला चिडवले, भाच्याने तिची ओढणी खुर्चीला बांधून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तो उदगीरला गेला. काकूंनी त्याच्या पिशवीत माहेरी द्यायची तुरीची डाळ घातली होती.