परीक्षा बुद्धीची की बोटांची?

लेखनिक दिला, वेळ वाढवून दिला, तर इतर विद्यार्थ्यांवर अन्याय होत नाही काय, असे पुष्कळ सुशिक्षित गृहस्थ विचारतात. परंतु परीक्षा बुद्धीची घ्यावयाची की बोटांची, हे आधी ठरावयास नको काय? लिहिताना ज्याचा हात आखडतो अशा एका लोकसेवा-उमेदवारास 40 टक्के अपंगत्वाची अट दाखवून लेखनिक नाकारला गेला. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा हक्क मान्य केला. 2016 च्या कायद्याचा आशयही तोच. ‘सवलत’ हा शब्दच मुळी फसवा. येथे खोपटास एस. टी.त चढताना पायरी आपल्याच पायांच्या बेताची आहे, हे आपल्या ध्यानातही येत नाही. जिना हीसुद्धा सवलतच, मात्र बहुसंख्यांची. एखाद्या मुलासाठी वर्ग तळमजल्यावर आणावयाचा, तर बहुधा वेळापत्रकाचा एक कागद तेवढा बदलावा लागतो.